व्हर्दून ते वरोरा : आंतरराष्ट्रीय श्रमसेवेचे तीन टप्पे

आंतरराष्ट्रीय स्वयंसेवेचे मूल्यमापन बहुधा उभारलेली घरे, बांधलेले रस्ते आणि खर्ची पडलेले श्रमदिन यांच्या संख्येवरून केले जाते. परंतु ज्या विचारातून ही चळवळ उगम पावली, त्याच्याशी हे माप जुळत नाही. तिच्या इतिहासातील तीन टप्पे क्रमाने पाहिले असता असे आढळते की, परदेशी श्रमांची फलश्रुती त्यांच्या परिमाणापेक्षा स्थानिक समाजाने ते कोणत्या नात्याने स्वीकारले यावर अधिक अवलंबून राहिली.

या चळवळीचे प्रवर्तक पिएर सेरेसोल (१८७९–१९४५) हे स्विस अभियंते होते. लष्करी कर भरण्यास नकार दिल्याबद्दल १९१७ साली त्यांना तुरुंगवास घडला. युद्धाचा निषेध केवळ नकाराने पुरा होत नाही. सैनिकाइतकीच शिस्त व कष्ट मागणारे विधायक कार्य त्याच्या जागी उभे राहिले पाहिजे, अशी त्यांची धारणा होती. 'सर्व्हिस सिव्हिल' या नावातच ती व्यक्त झाली आहे. फ्रेंच भाषेत 'सर्व्हिस' हा शब्द सक्तीच्या लष्करी सेवेचाही वाचक आहे. 'सिव्हिल' या विशेषणाने त्याचा रोख नागरी कार्याकडे वळविला.

पहिला प्रयोग १९२० च्या नोव्हेंबरात व्हर्दूनच्या रणभूमीनजीक, एन या उद्ध्वस्त फ्रेंच गावी झाला. स्वयंसेवकांच्या लहानशा तुकडीत जर्मनही होते. घरे उभारणे, रस्ते दुरुस्त करणे, तोफगोळ्यांनी पडलेले खड्डे बुजविणे ही कामे सुरू झाली. पण जर्मनांच्या उपस्थितीस विरोध वाढत गेला आणि १९२१ च्या वसंतात काम थांबवावे लागले. सलोख्याची कल्पना बाहेरून आली होती; ज्यांच्या जखमा ताज्या होत्या, त्यांची संमती तिला लाभली नव्हती. पुढे १९२७ च्या ऱ्हाइन नदीच्या महापुरानंतर लिखटेनश्टाइनमध्ये सातशेहून अधिक स्वयंसेवक १९२८ साली एकत्र आले. तेथे मदत करणारा आणि घेणारा यांच्यामध्ये युद्धाचे वैर नव्हते, ही गोष्ट दुर्लक्षिण्यासारखी नाही.

दुसरा टप्पा भारतातील होय. १५ जानेवारी १९३४ च्या भूकंपाने उत्तर बिहार उद्ध्वस्त झाला. १९३१ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये गांधीजींना भेटलेले सेरेसोल भूकंपाच्याच वर्षी भारतात आले. राजेंद्रप्रसाद यांच्या नेतृत्वाखालील साहाय्य समितीच्या सहकार्याने, मुझफ्फरपूर भागातील पूरग्रस्त गावे अधिक सुरक्षित जागी वसविण्याचे काम हाती घेण्यात आले. परदेशी स्वयंसेवक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. बहुतांश श्रम ग्रामस्थांचेच होते. म्हणून संख्येच्या हिशेबात हे कार्य नगण्य ठरेल. तथापि परकी सत्तेखालील प्रदेशात आलेले युरोपीय येथे शासक अथवा धर्मप्रसारक म्हणून नव्हे, तर राष्ट्रीय नेतृत्वाच्या योजनेतील सहकारी म्हणून वावरले. एन येथे जे साधले नव्हते, त्याची दिशा येथे सापडली.

तिसरा टप्पा महाराष्ट्रातील आहे. वरोऱ्यानजीक बाबा आमटे यांनी स्थापन केलेल्या आनंदवनात, १९५० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत, याच संघटनेचे स्वयंसेवक बांधकामासाठी आले. कुष्ठरोग्यांनी पिकविलेला भाजीपाला घेण्यासही तेव्हा लोक धजत नसत. परदेशी तरुण मात्र त्यांच्यासमवेत राबले आणि जेवले. या सहवासाने परिसरातील भीतीला जो धक्का बसला, तो उपदेशाने बसला नसता. परंतु ते निघून गेल्यावर आनंदवन उभे राहिले, ते तेथील रहिवाशांच्या श्रमांवर. पाहुण्यांनी पूर्वग्रहाची कडी सैल केली. दार उघडले ते आतील माणसांनीच.

१९७० साली संयुक्त राष्ट्रसंघाने स्वयंसेवक कार्यक्रमाची स्थापना केली आणि वैयक्तिक निष्ठेतून उद्भवलेल्या या कल्पनेस आंतरराष्ट्रीय प्रशासनात स्थान मिळाले. सेरेसोल यांच्या मायदेशात मात्र लष्करी सेवेस पर्यायी अशी नागरी सेवा १९९६ मध्येच अमलात आली. आज शाश्वत विकासाच्या संदर्भात स्वयंसेवेचा विचार करताना वरील तीन ठिकाणांचा अनुभव उपयोगी पडतो. विकास शाश्वत ठरतो तो साहाय्यकर्ता परतल्यानंतर. आणि शांतता रुजते ती त्याच्या आगमनाने नव्हे, तर त्याच्या निमित्ताने स्थानिक माणसे परस्परांकडे नव्याने पाहू लागतात तेव्हा. श्रमदिनांच्या कोष्टकात ही नोंद सापडत नाही. इतिहासकाराने ती अन्यत्र शोधावयास हवी.