गिटारचे पडदे आणि अठराचा भागाकार

गिटार शिकू लागलेल्या मुलांच्या हाती प्रथम एक तक्ता पडतो. सहा तारा, बारा पडदे (म्हणजे फ्रेट). मोकळ्या तारा धरून 78 जागा. प्रत्येक जागेवरच्या सुराचे नाव पाठ करायचे. पाढ्यांप्रमाणे हे पाठांतर चालते, आणि पाढ्यांप्रमाणेच 'असे का?' हा प्रश्न मागे राहतो. घोडीकडे येताना पडदे जवळजवळ का येतात? त्यांच्या जागा कोणी ठरवल्या?

तार निम्मी केली की वरच्या सप्तकातला तोच सूर मिळतो, हे प्राचीन ग्रीकांनाही ठाऊक होते. मधले सूर कोठे बसवायचे, हा खरा वादाचा मुद्दा. आपल्या सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात आणि काही पडदे रागानुसार सरकवता येतात, कारण वादन मुख्यतः एकाच तारेवर चालते. गिटारचा पूर्वसुरी शोभेल अशा युरोपातील ल्यूट या वाद्याचे पडदेही बांधलेलेच असत. पण तेथे एकच सरळ पडदा सर्व तारांखालून जातो आणि अनेक तारा एकदम वाजतात. एका तारेसाठी पडदा सरकवला, तर दुसरीचा सूर बिघडतो. म्हणून बाराही पायऱ्या सारख्या हव्यात; सेंटिमीटरमध्ये नव्हे, प्रमाणात. एकाच अपूर्णांकाने बारा वेळा गुणल्यावर लांबी निम्मी झाली पाहिजे.

हा अपूर्णांक काढायला 2 चे बारावे मूळ लागते. चीनमध्ये मिंग घराण्यातील राजपुत्र झू झाइयू याने हे गणित 1584 मध्ये मांडले; युरोपात सिमॉन स्टेव्हिननेही ते स्वतंत्रपणे केले. पण कारागिराला सोपा नियम हवा होता. तो व्हिन्सेंझो गॅलिली या इटालियन ल्यूटवादकाच्या 1581 मधील ग्रंथात सापडतो. तारेच्या लांबीचे 18 भाग करा, एक भाग सोडून पहिला पडदा बसवा. उरलेल्या लांबीचे पुन्हा 18 भाग करा. हा व्हिन्सेंझो म्हणजे गॅलिलिओचे वडील. तारांना वजने टांगून त्यांनी दाखवून दिले, की सूर एक सप्तक चढवायला दुप्पट नव्हे, चौपट वजन लागते. जुन्या ग्रंथांत दुप्पट असे लिहिले होते!

65 सेंटिमीटर तारेवर हा नियम लावला, तर बारावा पडदा 32.5 ऐवजी घोडीपासून सुमारे 32.74 सेंटिमीटरवर येतो. म्हणजे सूर किंचित उतरेल. पण बोटाने दाबताना तार थोडी ताणली जाते व सूर चढतो. त्यामुळे चूक काही अंशी भरून निघते. हा नियम कारागिरांनी पुढे दीर्घकाळ वापरला, यात नवल नाही.

या सोयीची किंमतही मोजावी लागली. शुद्ध गंधाराचे प्रमाण 1.25, गिटारवर ते 1.26 च्या जवळ जाते. पंचम 1.5 ऐवजी 1.498. सप्तकाखेरीज एकही सूर पूर्ण शुद्ध नाही. तंबोऱ्यावर तयार झालेल्या कानाला तो गंधार खटकला, तर दोष कानाचा नव्हे. तक्ता निसर्गाने दिलेला नाही. ती माणसांनी केलेली तडजोड आहे.

एवढे कळले की तक्ताही सोपा होतो. जाड तारेपासून ई, ए, डी, जी, बी, ई असा क्रम असतो. कोणत्याही तारेचा पाचवा पडदा पुढच्या मोकळ्या तारेचा सूर देतो. अपवाद फक्त जी तारेचा, तेथे चौथा. चार वेळा पाच अधिक चार म्हणजे 24, बरोबर दोन सप्तके. म्हणूनच दोन्ही टोकांना ई आहे. अपवाद नसता तर बेरीज 25 झाली असती आणि शेवटची तार एफ ठरली असती.

वर्गात गिटार नसली तरी चालेल. 65 सेंटिमीटरची कागदी पट्टी घ्या आणि मुलांना अठराने बारा वेळा भागाकार करून रेघा मारू द्या. आपण आखलेला तक्ता पाठ करावा लागत नाही, असा आमचा अनुभव आहे.