प्रथम कोणी बोलावे? : बिनतारी संदेशांतील अग्रक्रम

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूच्या विमानतळावर उतरले, तेव्हा त्यांच्या पस् मॉथ विमानात बिनतारी यंत्र नव्हते. साहजिकच, कोणाचा संदेश आधी घ्यावा, हा प्रश्नही तेथे नव्हता. अन्यत्र मात्र तो जुना झाला होता. १८६५ च्या पॅरिस तार-कराराने सरकारी तार आधी, खात्याची त्यानंतर आणि खाजगी शेवटी, असा क्रम लावला होता; १९०६ च्या बर्लिन कराराने संकटग्रस्त जहाजाच्या हाकेस निरपवाद अग्रमान दिला. पुढे विमानवाहतुकीनेही संकट, तातडी, दिशाशोधन, उड्डाणसुरक्षा, हवामान अशी श्रेणी स्वीकारली. जुहूहून समुद्रातील तेलक्षेत्राकडे जाणाऱ्या हेलिकॉप्टरांना तीच लागू आहे. या सर्व व्यवस्थांत संदेशाचा आशय जाणून निर्णय करणारा मनुष्य गृहीत होता.

वाय-फायच्या ॲक्सेस पॉइंटपाशी असा मनुष्य नाही. १९९७ च्या मूळ मानकात सर्व यंत्रे समान होती : आधी ऐकावे, यदृच्छेने निवडलेला काळ थांबावे, मग बोलावे. पत्रास हे चालते, संभाषण मात्र तुटते. म्हणून २००५ च्या सुधारणेने आवाज, चित्र, सर्वसाधारण व पार्श्वभूमी असे चार वर्ग केले. ठरीव मूल्यांनुसार आवाजाचे पॅकेट प्रथम शून्य ते ३ कालांशांतून आपली प्रतीक्षा निवडते, सर्वसाधारण पॅकेट शून्य ते १५ मधून. पार्श्वभूमीची मर्यादाही १५ च. परंतु मोजणी सुरू करण्यापूर्वी तिला ३ ऐवजी ७ कालांश स्तब्ध राहावे लागते. येथे तारबाबूचा निरपवाद अग्रमान उरला नाही. उरली ती केवळ अधिक संभाव्यता. हा फरक सामान्यतः दुर्लक्षिला जातो.

शिवाय वर्गाची खूण बहुधा पाठविणाराच लावतो. तेव्हा ॲक्सेस पॉइंटवरील अग्रक्रमाचे सेटिंग म्हणजे वस्तुतः कोणाच्या खुणेवर विश्वास ठेवावा, याचा निर्णय होय. सर्वच पॅकेटांना ‘आवाज’ म्हटले, तर अल्प प्रतीक्षेमुळे टकरी वाढतात आणि खरे संभाषणच अडखळते.

बर्लिनच्या करारावर राष्ट्रांनी सह्या केल्या होत्या. जुहूच्या दाट वस्तीतील दोन शेजारी घरांत तसा करार नाही. प्रत्येक ॲक्सेस पॉइंट आपल्या अटी आपल्याच यंत्रांना कळवितो. त्याच वाहिनीवरील शेजाऱ्याचा चित्रपट त्या मानीत नाही. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भारतात २००५ पासून परवानामुक्त असल्याने त्याला हटविण्याचा अधिकारही कोणास नाही, आणि त्या पट्ट्यात परस्परांवर न चढणाऱ्या वाहिन्या व्यवहारतः तीनच आहेत.