दिवेआगर : शांत किनाऱ्यामागचा इतिहास

श्रोतेहो, उरवडे किंवा मुळशी तालुक्यातल्या दुसऱ्या एखाद्या गावी राहणाऱ्याला समुद्र फार दूरचा वाटतो. पण वाट तर दारावरूनच जाते म्हणा ना! पिरंगुट, पौड, मुळशीचे धरण आणि मग ताम्हिणी घाट. घाट उतरला की निजामपूर, माणगाव, म्हसळा आणि पुढे दिवेआगर. सकाळी गाडीने निघालेला माणूस दुपारी वाळूवर उभा असतो. मोटारी नव्हत्या तेव्हाही सह्याद्रीच्या घाटवाटांनी बैलांच्या पाठीवरून मीठ, नारळ, सुकी मासळी वर येई आणि देशावरचे धान्य खाली जाई.

दिवेआगरला काय दिसते? लांबच लांब वाळू, तिच्या कडेला सुरूचे बन आणि त्यामागे नारळी-पोफळींच्या वाड्या. गजबज नाही, गोंगाट नाही. पाहणारा सहज म्हणतो, ‘निसर्गाची केवढी ही कृपा!’ कृपा आहे खरी, पण ती अर्धीच. उरलेले अर्धे माणसाच्या हातचे आहे. गावाच्या नावातच पाहा. आगर म्हणजे बाग, लावलेली आणि राखलेली. पोफळीला कडक ऊन सोसत नाही, म्हणून तिला नारळी-केळीच्या सावलीत वाढवायचे. पाणी तर तिला उन्हाळाभर हवे. त्यासाठी विहीर खणायची, रहाट फिरवायचा, पाटाने प्रत्येक झाडाच्या आळ्यापर्यंत पाणी न्यायचे. अशा कित्येक पिढ्या गेल्या, तेव्हा ही सावली उभी राहिली.

किती पिढ्या, याचा नक्की आकडा सांगता येणार नाही. पण गाव किती जुने, याचा कागदाहून पक्का पुरावा आहे. दिवेआगरला शके 982, म्हणजे इ. स. 1060 चा मराठी ताम्रपट सापडला आहे. शिक्षकबंधूंनी हे मुलांना जरूर सांगावे. ज्ञानेश्वरी शके 1212 मधली, म्हणजे 1290 ची. तिच्याही आधी 230 वर्षे या किनाऱ्यावर मराठी अक्षरे तांब्यावर कोरली जात होती! पुढे 1997 साली इथल्याच एका सुपारीच्या वाडीत खणताना तांब्याची पेटी निघाली आणि तिच्यात गणपतीचा सोन्याचा मुखवटा सापडला.

दिवेआगरच्या दक्षिणेला श्रीवर्धन. तिथले भट घराणे वतनदार होते. जंजिऱ्याच्या सिद्दीचा जाच वाढला, तेव्हा बाळाजी विश्वनाथ किनारा सोडून देशावर आले. 1713 साली शाहू महाराजांनी त्यांना पेशवेपद दिले. त्यांचे चिरंजीव बाजीराव यांनी 1730 मध्ये पुण्यात शनिवारवाड्याचा पाया घातला. म्हणजे आपल्या पुण्याच्या इतिहासाचे एक मूळ याच नारळी-पोफळींत आहे.

मग हा किनारा असा शांत कसा? आगबोटी आणि रेल्वे आल्या, व्यापार मुंबईकडे ओढला गेला, कोकणातली लहान बंदरे मागे पडली. तरणी माणसे पोटासाठी मुंबईला गेली. म्हणून ही शांतता ऐकताना तिच्यात मागे राहिलेल्यांचे कष्टही ऐकावेत.

त्या कष्टांवर 3 जून 2020 रोजी घाला पडला. ‘निसर्ग’ नावाचे चक्रीवादळ याच टापूत किनाऱ्यावर आदळले. वारा ताशी शंभर किलोमीटरच्या वर होता. काही तासांत वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. भाताचे पीक बुडाले तर शेतकरी पुढच्या पावसाकडे डोळे लावतो. पोफळ मोडली तर नवे रोप फळाला यायला पाच-सात वर्षे, आणि वाडी पहिल्यासारखी दाटायला त्याहून अधिक. आजोबाने लावलेले एका दुपारी गेले. तरीही लोकांनी पडलेले ओंडके बाजूला केले आणि पुन्हा रोपे लावली.

तेव्हा सहल न्या, जरूर न्या. मुलांना लाटांशी मनमुराद खेळू द्या. पण त्यांना तासभर एखाद्या वाडीतही न्या. तिथल्या जाणत्या माणसाला विचारू द्या, ‘काका, हे झाड कोणी लावले? वादळाच्या आधीचे की नंतरचे?’ निघताना चार नारळ, शेरभर सुपारी त्याच वाडीतून विकत घ्या आणि आपला कचरा आपल्याबरोबर परत आणा. त्या नव्या रोपांची सावली आज गुडघ्याएवढी असेल, डोक्याएवढी असेल. ती पुरती वाढेपर्यंत वाडीवाल्याला तग धरता आला पाहिजे. तेवढा हातभार घाटावरच्या पाहुण्याने लावायला काय हरकत आहे?