धायटी घरच्या बागेत कशी लावायची? आणि दिवाळीत कात्री का लावायची नाही?

फेब्रुवारी-मार्चमध्ये सह्याद्रीतल्या घाटातून गेलात तर गवत वाळलेल्या उतारांवर लाल फुलांनी लगडलेली झुडपं दिसतात. हीच धायटी, संस्कृतात धातकी. मेंदी आणि आपलं राज्यफूल तामण यांच्याच कुळातली.

तुम्ही ती बहुधा प्यायलाही असाल. अशोकारिष्ट किंवा इतर आसव-अरिष्टांच्या बाटलीवरचे घटक वाचा, त्यात धातकीपुष्प सापडेल. या फुलांबरोबर येणारं यीस्ट काढा आंबवायला मदत करतं. त्यामुळे वाळलेल्या फुलांना बाजारात मागणी असते आणि ती मोठ्या प्रमाणात रानातूनच गोळा होतात. (घरी मात्र औषधाचे प्रयोग नकोत.)

फुलात लाल दिसतात त्या पाकळ्या नव्हेत, ती निदलांची नळी आहे. खऱ्या पाकळ्या तिच्या तोंडाशी, पटकन दिसणारही नाहीत इतक्या बारीक. नळीच्या तळाशी मध असतो आणि तो प्यायला शिंजीर येतात. उन्हाळ्याच्या तोंडावर, बाकी बाग सुकलेली असताना ही मेजवानी असते. पक्षी-फुलपाखरं यावीत म्हणून अनेक जण घाणेरी लावतात. ती अमेरिकेतून शोभेसाठी आणलेली आणि आज आपल्या जंगलांत माजलेली. त्यापेक्षा धायटी केव्हाही बरी.

आता लागवड. जमिनीत धायटी दोन-तीन मीटर वाढते आणि फांद्या कमानीसारख्या झुकतात, त्यामुळे आजूबाजूला जागा सोडा. गच्चीवर १६ ते १८ इंचांची कुंडी घ्या. ऊन भरपूर हवं. निम्मी माती, बाकी मुरूम आणि थोडंसं शेणखत पुरे. हे डोंगरउतारावरचं झाड आहे, पाणी साचलं की मुळं कुजतात. माती वरून सुकल्याशिवाय पुन्हा पाणी नको. खताचा मारा केला तर पानंच पानं येतील.

रानातलं झाड उपटून आणू नका. देशी झाडांच्या रोपवाटिकेत रोप मिळालं तर उत्तम. नाहीतर पावसाळ्यात पेन्सिलएवढ्या जाडीच्या फांद्यांची कलमं लावा. सगळी जगत नाहीत, म्हणून सहा-सात तरी लावा. बी पिठासारखं बारीक असतं. ते मातीत पुरायचं नाही, ओल्या मातीवर नुसतं भुरभुरायचं आणि पाणी फवाऱ्याने द्यायचं. झारीची धार पडली तर सगळं बी एका कोपऱ्यात वाहून जातं.

बहुतेकांची फसगत होते ती छाटणीत. धायटीची फुलं आधी वाढलेल्या फांद्यांवर, अगदी त्यांना चिकटून घोसाने येतात. दिवाळीच्या साफसफाईत माळीबुवांनी झुडूप 'शेपमध्ये' आणलं की त्या वर्षीचा बहर कात्रीबरोबर गेला! मग मार्चमध्ये "झाड चांगलं आहे, पण फुलतच नाही" अशी तक्रार सुरू होते. छाटणी फुलं संपल्यावर, मे अखेरीस करा. पावसात नवी फूट जोमाने येते आणि पुढच्या बहरासाठी फांद्या वेळेत तयार होतात. बी हवं असेल तर मात्र दोन-तीन फांद्या न कापता ठेवा. फुलं कोमेजली तरी नळी गळत नाही, तिच्यातच बोंड तयार होतं. ते तपकिरी होऊन उकलायच्या आत कागदी पिशवीत काढून घ्या.