फुगलेलं दार

चिपळूणच्या आमच्या घराचं मागचं दार मृगाच्या सरी पडल्या की फुगायचं. चौकटीत असं घट्ट बसायचं, की आजी खांद्याने रेटून ते उघडायची. दसऱ्याच्या सुमारास आपसूक मोकळं व्हायचं. फ्लोरिडात लॉनच्या फवाऱ्यांची दुरुस्ती करायला लागलो आणि पहिल्यांदा रेन सेन्सर उघडला, तेव्हा ते दारच आठवलं.

आत बुचासारख्या चकत्यांची चळत, वर एक दांडी, तिच्याशेजारी बारका स्विच. एवढंच. पावसाने चकत्या फुगतात, दांडी स्विच दाबते, व्हॉल्व्हला जाणारी २४ व्होल्टची वीज तुटते. टायमर चालूच राहतो, पाणी मात्र सुटत नाही. टोपण फिरवून ३ मिलिमीटर पावसाला थांबायचं की २५, ते ठरवायचं. चकत्या वाळायलाही वेळ घेतात, जमिनीसारखाच. मला यातलं सगळ्यांत मोठं शहाणपण तेच वाटतं.

पूर्वी वाटीवाले सेन्सर असत. साठलेल्या पाण्याच्या वजनाने किंवा पाणी तारांना टेकल्याने ते चालत. पण वाटीत पाला पडला की घोटाळा. ओलाव्याने वाढणाऱ्या वस्तूला राबवायची युक्ती मात्र फार जुनी. जिनिव्हाच्या द सोस्यूर या शास्त्रज्ञाने १७८३ साली माणसाच्या केसावर चालणारा आर्द्रतामापक जगापुढे मांडला होता.

फ्लोरिडात वर्षाला साधारण १,३५० मिलिमीटर पाऊस पडतो, तरी भर पावसात फवारे उडत. तेही जमिनीखालच्या चुनखडकातून उपसलेल्या गोड्या पाण्याचे! शेवटी राज्याने कायदाच केला: १ मे १९९१ नंतर बसवलेल्या प्रत्येक स्वयंचलित फवारा यंत्रणेला पाऊस ओळखून थांबणारं साधन हवंच. पुढे गेन्सव्हिलला फ्लोरिडा विद्यापीठाच्या चाचण्यांत, भरपूर पावसाच्या काळात, सेन्सरने ३४ टक्के पाणी वाचवलं.

कायदा झाला, पण शिडीवर चढणारा माणूस नीट हवा. मागच्या महिन्यात एका घरी सेन्सर चक्क वळचणीखाली ठोकलेला सापडला. इतकी वर्षं त्याच्यावर थेंब पडला नव्हता. चकत्यांचा भुगा झालेला. नव्या घातल्या, सेन्सर मोकळ्या आभाळाखाली आणला, फवारे सुरू केले आणि वरून मगभर पाणी ओतून थांबलो. काही मिनिटांनी ‘टिक’ वाजलं. फवारे खाली बसले.