वजा केलेलं पान

१९९० च्या जरा आधीचं चंदीगड. पंजाब विद्यापीठाच्या औषधनिर्माणशास्त्र विभागात तुम्ही शिरता. समोर सावलीत वाळवून कुटलेला कालमेघ. कोकणात हेच पालेकिराईत. तापात त्याचा काढा घशाखाली उतरवणं किती अवघड, हे घेणाऱ्यालाच ठाऊक. या जहाल कडूपणाचा मोठा वाटा अँड्रोग्राफोलाइड नावाच्या द्रव्याचा.

कालमेघ यकृत राखतो हे खरं, तर राखणारं नेमकं कोण, हे इथले संशोधक हांडा आणि शर्मा यांना शोधायचंय. उंदरांसाठी तीन औषधं तयार आहेत. शुद्ध अँड्रोग्राफोलाइड, शरीराच्या किलोमागे १०० मिलिग्रॅम. कालमेघाचा मिथेनॉलमधला पूर्ण अर्क, ८६१.३३ मिलिग्रॅम. आणि त्याच अर्कातून अँड्रोग्राफोलाइड काढून घेतल्यावर उरलेला भाग, ७६१.३३. मनातल्या मनात वजाबाकी करा. बरोबर १००. वनस्पतीची थोरवी सांगणारे पुष्कळ भेटतात. तिचा नावाजलेला गुणच काढून घेऊन उरलेल्याची परीक्षा घेणारे फार थोडे. म्हणूनच या तीन आकड्यांबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

आता पिंजऱ्यांकडे वळा, वळावंच लागेल. उंदरांना कार्बन टेट्राक्लोराइड दिलं जातं. एके काळी कपड्यांच्या ड्रायक्लीनिंगला वापरायचे तेच. यकृत हे विष मोडायला घेतं आणि मोडतानाच त्यातून अतिशय आक्रमक असा मुक्त कण तयार होतो. तो पेशींच्या आवरणातली मेदद्रव्यं खवट करत जातो. सर्वात जास्त मार बसतो यकृताच्या मध्यशिरेभोवतीच्या पेशींना, कारण विष मोडणारी विकरं तिथेच जास्त. उंदराला उलटी करता येत नाही. आत गेलेलं सोसण्यावाचून त्याला गत्यंतर नाही. तुम्ही ज्या काळातून आलात, तिथे अशा प्रयोगाआधी प्राणी-नीती समितीची मंजुरी लागते. १९६० चा क्रूरता प्रतिबंधक कायदा इथेही आहे, पण प्रयोगांवरच्या देखरेखीचे आजचे नियम यायला १९९८ उजाडेल. हा हिशेब या उंदरांच्या वाट्याला उशिरा आला, हे बोचतंच.

रक्त काढून त्यातला पाणीदार भाग वेगळा केला जातो. फुटलेल्या पेशींतून एसजीओटी आणि एसजीपीटी ही विकरं रक्तात सांडलेली असतात; यकृताची नासाडी जितकी जास्त, तितका त्यांचा आकडा चढा. आपल्याकडे कावीळ झाली की लॅबच्या कागदावर हीच नावं येतात. जोडीला बिलिरुबिन, आणि सूक्ष्मदर्शकाखाली यकृताचे काप.

निकाल १९९० साली ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’मध्ये छापून येतो: कालमेघातला मुख्य यकृतरक्षक घटक अँड्रोग्राफोलाइडच.

घरी कुणाला कावीळ झालीय आणि डोस किती द्यावा, हे विचारायला तुमची जीभ शिवशिवत असेल. इथे ते उत्तर नाही. उंदराला कुठलं विष दिलं आणि कधी दिलं, हे इथे आधीपासून ठाऊक होतं. तुमच्या माणसाच्या यकृताला विषाणूनं गाठलंय, दारूनं, की पित्तनळीत अडकलेल्या खड्यानं, ते आधी तपासून घ्यावं लागेल, आणि खडा असेल तर तो काढावाच लागेल.