राणीची हॅट आणि राणीसाहेबांचा पदर

शेगाव, (प्रतिनिधी) : ब्रिटनच्या राजघराण्यातील एखादी स्त्री जाहीर समारंभाला गेली, की दुसऱ्या दिवशी तिच्या भाषणाआधी तिच्या हॅटची चर्चा होते. रंग कोणता, कड किती रुंद, पीस कोणत्या बाजूला, याची छायाचित्रांसह दखल घेतली जाते. मराठी राजघराण्यांतील स्त्रियांच्या बाबतीत हे स्थान डोईवरच्या पदराचे आहे. मात्र हॅट आणि पदर यांच्या इतिहासात एक मोठा फरक आहे. हॅट ही लोकांपुढे वावरणाऱ्या राणीसाठी होती. आपल्याकडे अनेक संस्थानांत राणीने लोकांपुढे यावे की नाही, हाच मुळात वादाचा विषय होता.

हॅटची रीत

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडमधील प्रतिष्ठित घरांतील स्त्री दिवसा उघड्या डोक्याने घराबाहेर पडत नसे. चर्चमध्ये स्त्रियांनी डोके झाकण्याची जुनी प्रथाही यामागे होती. सामान्य स्त्रियांनी पुढे ही रीत सोडली, राजघराण्याने मात्र ती जपली. दिवसाच्या समारंभाला हॅट आणि रात्रीच्या मेजवानीला रत्नजडित टिआरा, असा तेथील संकेत आहे.

१९११ मध्ये दिल्ली दरबारासाठी पंचम जॉर्ज यांच्यासमवेत मुंबईत उतरलेल्या राणी मेरी ‘टोक’ नावाच्या, कड नसलेल्या उंच टोपीसाठी प्रसिद्ध होत्या. त्यांची नात दुसरी एलिझाबेथ हिने सात दशकांच्या कारकिर्दीत (१९५२ ते २०२२) हॅटला जणू गणवेशाचेच रूप दिले. गर्दीत मागे उभ्या असलेल्या माणसालाही राणी दिसावी म्हणून रंग भडक आणि चेहरा झाकला जाऊ नये म्हणून कड आटोपशीर, हे त्यामागचे साधे गणित होते. थोडक्यात, राणीची हॅट डोके झाकण्यापेक्षा राणी दिसावी यासाठीच अधिक होती.

या हौसेला कधी कधी विनोदाचीही किनार लाभते. एप्रिल २०११ मध्ये राजपुत्र विल्यम यांच्या विवाहात राजकन्या बिअ‍ॅट्रिस यांनी घातलेल्या विचित्र आकाराच्या हॅटची जगभर थट्टा झाली. त्यांनी ती लिलावात काढली. तिला ८१ हजार पौंडांहून अधिक किंमत आली आणि ती रक्कम मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थांना देण्यात आली.

जिजाऊंच्या जिल्ह्यातून

मराठी परंपरेचा विचार करताना सुरुवात याच बुलडाणा जिल्ह्यातून करावी लागते. जिल्ह्याच्या दक्षिणेस असलेले सिंदखेडराजा हे राजमाता जिजाऊंचे जन्मस्थान. १२ जानेवारी १५९८ ही त्यांची जन्मतारीख सर्वसाधारणपणे मानली जाते. दर वर्षी त्या दिवशी लखुजी जाधवांच्या वाड्यावर मोठा जनसमुदाय लोटतो. जिजाऊंची आज घरोघरी दिसणारी चित्रे नंतरच्या चित्रकारांनी रेखाटलेली आहेत आणि त्यांत डोईवरचा पदर ठरलेला असतो. हा पदर कुलीनतेची खूण म्हणून दाखवला जातो. पण पुणे जहागिरीचा कारभार पाहणारी ही स्त्री पडद्याआड बसणारी नव्हती, हेही ध्यानात घ्यायला हवे.

पुढील काळातही असेच दिसते. राजाराम महाराजांच्या निधनानंतर १७०० मध्ये महाराणी ताराबाईंनी औरंगजेबाविरुद्धच्या युद्धाची सूत्रे हाती घेतली. १७६७ पासून १७९५ पर्यंत होळकरांचे राज्य सांभाळणाऱ्या अहिल्याबाई महेश्वर येथे रोज खुल्या दरबारात बसून फिर्यादी ऐकत. जॉन माल्कम यांनी १८२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मध्य भारतावरील ग्रंथात याची आवर्जून नोंद केली आहे. अहिल्याबाईंचे सर्वपरिचित चित्र म्हणजे पांढरे वस्त्र, डोईवर पदर आणि हाती शिवलिंग. हा पांढरा पदर मुळात वैधव्याचे चिन्ह. ज्या रूढीने विधवेला मागे सारले, त्याच रूढीची खूण अहिल्याबाईंच्या बाबतीत राज्यकर्त्या स्त्रीची ओळख बनली.

पडदा आणि पागोटे

झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंच्या बाबतीत दोन वर्णने उपलब्ध आहेत. दोन्ही शेजारी ठेवून वाचण्याजोगी आहेत. १८५४ मध्ये संस्थान खालसा झाल्यावर जॉन लँग हा वकील त्यांना भेटला, तेव्हा राणीसाहेब पडद्याआड बसून बोलत होत्या. दत्तक पुत्राने पडदा बाजूला केल्यामुळे लँगला त्यांचे ओझरते दर्शन घडले. त्या साध्या पांढऱ्या मलमलीच्या वस्त्रात होत्या, असे त्याने लिहून ठेवले आहे.

दुसरे वर्णन वरसईच्या विष्णुभट गोडसे यांचे. सत्तावनच्या धामधुमीत ते झाशीत होते. त्यांच्या ‘माझा प्रवास’ या पुस्तकात राणी कधी स्त्रीवेषात, तर कधी पुरुषवेषात दरबारात येत असल्याचा उल्लेख आहे. पुरुषवेषात पायजमा, अंगरखा आणि डोक्यावर टोपी घालून तिच्यावर पागोटे बांधलेले असे. मराठी राणीने दरबारात टोपी घातल्याचे हे बहुधा सर्वांत ठळक उदाहरण. तीन-चार वर्षांच्या अंतराने तीच स्त्री एकदा पडद्याआड आणि एकदा पागोट्यात दिसते. प्रसंग बदलला तसा तिने पोशाखही बदलला.

गोषा गेला, पदर राहिला

इंग्रजी अमदानीत अनेक मराठा संस्थानांत गोषा पाळला जाई. राणीसाहेब बंद मेण्यातून जात आणि दरबार चिकाच्या पडद्यामागून पाहत. ही चाल उघडपणे मोडणाऱ्यांत बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई (दुसऱ्या) यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. देवासच्या घाटगे घराण्यातील या कन्येचा विवाह सयाजीराव गायकवाडांशी झाला. पतीसमवेत युरोपचा प्रवास केल्यावर पडद्याने स्त्रीचे किती नुकसान होते, हे त्यांनी जाणले. भारतीय स्त्रीच्या स्थितीवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक १९११ मध्ये प्रसिद्ध झाले. जानेवारी १९२७ मध्ये पुण्यात भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या त्या अध्यक्षा होत्या.

त्याच काळात भोपाळच्या बेगम सुलतान जहाँ यांनी वेगळा मार्ग काढला. त्या बुरखा घालून त्यावर मुकुट चढवीत आणि राज्यकर्त्या म्हणून समारंभांना हजर राहत. एकीने पडदा सोडला, दुसरीने तो ठेवून मुकुट घातला. लोकांपुढे येण्याचा निर्धार मात्र दोघींचा सारखाच होता.

चिमणाबाईंची कन्या इंदिराराजे हिने ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांशी ठरलेला विवाह स्वतः मोडला आणि १९१३ मध्ये लंडनला कूचबिहारचे राजपुत्र जितेंद्र नारायण यांच्याशी लग्न केले. १९२२ मध्ये पती निवर्तल्यावर त्यांनी मुलाच्या वतीने संस्थानाचा कारभार पाहिला. शिफॉनची साडी राजघराण्यांत रूढ करण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. जरीच्या जड शालूचा पदर अंबाड्यावर घट्ट बसतो. शिफॉनचा हलका पदर चेहरा न झाकता डोक्यावर केवळ टेकतो. मर्यादाही राखली गेली आणि चेहराही दिसला.

त्यांची कन्या गायत्रीदेवी हिने सासरी जयपुरात पडद्याची चाल मोडण्यासाठी १९४३ मध्ये मुलींची शाळा काढली. १९६२ मध्ये त्या प्रचंड मताधिक्याने लोकसभेवर निवडून आल्या. प्रचारसभांतील त्यांच्या छायाचित्रांत शिफॉनचा पदर डोक्यावर दिसतो. ग्वाल्हेरच्या राजमाता विजयाराजे शिंदे यांनीही १९६१ मध्ये वैधव्य आल्यावर पांढरी साडी नेसूनच पुढील राजकारण गाजवले.

कोणी घेतला, हा प्रश्न

आज शेगावला समाधीच्या दर्शनरांगेत उभ्या असलेल्या कितीतरी स्त्रिया गाभारा जवळ येताच पदर किंवा ओढणी डोक्यावर घेतात. त्यांना तसे कोणी सांगावे लागत नाही. मात्र घरच्या वडीलधाऱ्यांच्या धाकाने दिवसभर डोक्यावर पदर घेऊन वावरणाऱ्या स्त्रियाही खेड्यापाड्यांत आहेत. दोन्हींचे वस्त्र एकच, पण अर्थ एक नाही. हॅट असो, पागोटे असो वा पदर, स्त्रीच्या डोक्यावर काय आहे यापेक्षा ते कोणाच्या इच्छेने आहे, हे महत्त्वाचे. चिमणाबाईंनी पडद्याविरुद्ध उभे राहून विचारलेला प्रश्न हाच होता, असे म्हटले तर वावगे ठरू नये.

दृष्टिक्षेपात

० १७६७ ते १७९५ : अहिल्याबाई होळकर यांचा महेश्वर येथील खुला दरबार

० १८५४ : जॉन लँग व राणी लक्ष्मीबाई यांची पडद्याआडची भेट

० १९११ : चिमणाबाईंचे पुस्तक प्रसिद्ध, राणी मेरी मुंबईत

० १९२७ : पुण्यात पहिली अखिल भारतीय महिला परिषद

० १९४३ : जयपूर येथे गायत्रीदेवींची मुलींची शाळा

० २०१२ : इंग्लंडमधील अ‍ॅस्कॉट शर्यतींच्या शाही कक्षात स्त्रियांच्या शिरोभूषणाचा तळ किमान चार इंच असावा, असा नियम